दुपारी पाहिलेला मायलो

नदीकाठची छावणी, इराक
२७ जून २००४

आर्डिस मावशी,

तुला लिहायचं मी टाळत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. पाकीट फोडताना तुला जे काही बोलायचं असेल ते बोलून घे, मग पुढे वाच. तसं एक पत्र अर्धं लिहून झालं होतं, पण इथे बर्फ विकायला एक माणूस येतो, त्याच्या शेळीने ते खाल्लं. शेळी म्हणजे काय सांगू! एक शिंग मोडलेलं, डोळे आपल्या पाद्रीसाहेबांसारखे, आणि चालताना असा तोरा की छावणीची कॅप्टन तीच.

कर्ट ठीक आहे. तुझ्या पोराचं वजन उतरलंय, पण तोंड तसंच चालतं. माझ्या हेल्मेटवर त्यानेच माझा रक्तगट रंगवला आणि खाली लिहिलं, ‘पेपरवाला. आधी खऱ्या जखमींना बघा.’ रोज सकाळी हे लोक गाड्या घेऊन बाहेर पडतात. माणूस चालेल इतक्या वेगाने गाडी हाकायची आणि रस्त्याकडेच्या कचऱ्यात पुरलेला बॉम्ब शोधायचा. आपण त्याला शोधला तर चांगलं, त्याने आपल्याला शोधलं तर वाईट, असं कर्ट म्हणतो. मीही बरोबर जातो. त्यांच्या मांडीवर बंदूक, माझ्या मांडीवर वही. सॉरमचे ओळखीचे चेहरे या कपड्यांत बघायला अजून विचित्र वाटतं. आपल्या गावची राखीव तुकडीच बोलावली, त्यामुळे गिरणीतला, पंपावरचा, पोस्टातला, सगळे इथे. मला नववीत सुतारकामात नापास करणारे हॅल्वर सर इथे सार्जंट आहेत आणि अजूनही माझ्या बुटांच्या नाड्यांकडे बघून ‘हं’ करतात.

पहिला आठवडा कुणी माझ्याशी धड बोलेना. मग त्यांना कळलं की आमच्या संपादकाने, विल्मरने, मला पेपरच्या खर्चाने सॅटेलाइट फोन दिलाय. तेव्हापासून मी सगळ्यांचा लाडका. मी फोन द्यायचा, त्यांनी पुढच्या गाडीत जागा द्यायची आणि चार गोष्टी सांगायच्या. रांग लागते. हॅल्वर सर मात्र रांगेत येत नाहीत. ‘पोरांचं होऊ दे,’ म्हणतात, आणि पोरांचं कधी होत नाही.

इथला एक नियम तुला माहीत असेलच. कुणी मेलं की छावणीतले सगळे फोन, सगळे कॉम्प्युटर बंद. घरी दोन अधिकारी जाऊन सांगेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी तुला फोन केला त्या दिवशीही बंद केले होते. गेलेल्याचं नावसुद्धा आम्हाला सांगितलं नाही. माझा फोन मोज्यांच्या पिशवीत होता, तो त्यांना सापडला नाही. मी म्हटलं, तिकडे बायका वेड्या झाल्या असतील, पोरांना निदान ‘मी ठीक आहे’ एवढं तरी बोलू दे. मला ते बरोबर वाटलं. आताही वाटतं. हॅल्वर सर तेवढे म्हणाले, ‘नियम आहे, गार्थ,’ आणि तोंड फिरवून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी कॅप्टनला कुणकुण लागली. आता फोन त्याच्या पेटीत कुलपात आहे, म्हणून हे पत्र.

मायलोचं तुला कळलंच आहे. त्याच्याबद्दल आत्ता लिहीत नाही. फार उकडतंय.

गार्थ

•

सॉरम, नॉर्थ डकोटा
९ जुलै २००४

गार्थ,

पत्र पोचलं. शेळीला माझा नमस्कार सांग.

तिकडे बायका वेड्या झाल्या असतील, असं तुला वाटलं ना? मग काय झालं ते ऐक. इथे सगळ्यांना माहीत आहे की छावणी गप्प झाली म्हणजे कुणीतरी गेलं. त्या दिवशी इथल्या न्याहारीच्या वेळी, म्हणजे तुमच्या दुपारी, तुझा फोन आला. आधी कर्ट बोलला, मग तू. मायलोची बायको लिनेट तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली होती, म्हणून मी विचारलं, ‘आणि मायलो?’ तू म्हणालास, ‘मस्त आहे, आत्ताच पाहिला.’ फोन ठेवायच्या आधीच मी तिला मानेने सांगितलं. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, ‘आता कुणाचा?’

बघ, हाच प्रश्न. तुम्ही एकेकाला फोन दिलात आणि आम्ही इकडे एकेक नाव वगळत गेलो. कुणी तसं ठरवलं नव्हतं. तुकडीतल्या घरांना निरोप द्यायचं काम माझ्याकडे, त्यामुळे ज्या घरी फोन आला ती बाई मला कळवायची. दुपार टळेपर्यंत सगळ्यांचं झालं. एक जोआन राहिली, तुझ्या हॅल्वर सरांची बायको. ती बिचारी सारखी मला विचारायची, ‘आर्डिस, तुला काही कळलं का गं?’ मी म्हणायचे, नाही. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही, पण संध्याकाळी गावातल्या प्रत्येक ओव्हनमध्ये काहीतरी शिजत होतं.

जोआनने दार उघडलं तेव्हा पायऱ्यांवर आम्ही सगळ्या, हातात ओव्हनमधून काढलेली हॉटडिशची गरम भांडी. तिने आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, भांड्यांकडे पाहिलं. आपल्या गावात इतकी भांडी एकदम एका दाराशी कधी येतात ते लहान पोरालाही कळतं. तिला आम्ही सांगितलं नाही, गार्थ. भांड्यांनी सांगितलं.

लिनेट रात्रभर तिच्याजवळ राहिली. ‘माझा वाचलाय, मी नाही तर कोण थांबणार,’ असं म्हणाली. सकाळी ती भांडी घासत होती. तळाला लावलेल्या चिकटपट्टीवरचं नाव वाचून ज्याचं त्याचं वेगळं लावत होती. तेवढ्यात सैन्याच्या त्या दोन अधिकाऱ्यांची गाडी आली. आधी लिनेटच्या घरी गेली होती, शेजाऱ्यांनी इकडे पाठवली. जोआनने खिडकीतून गाडी पाहिली, केस नीट केले, जाऊन दार उघडलं. अधिकाऱ्याने टोपी काखेत घेतली आणि विचारलं, ‘लिनेटबाई इथे आहेत का?’

आणि जोआन हसली. मोठ्याने, तोंडावर हात घेऊन, पण हसली. मी तिथेच होते. लिनेट सिंकपाशी, कोपरापर्यंत फेस. त्या हसण्यापायी जोआन अजून चर्चला येत नाही आणि कुणी तिला बोलवायलाही जात नाही.

त्याच संध्याकाळी तीच भांडी पुन्हा भरली आणि लिनेटच्या दाराशी गेली. तिचं स्वतःचं भांडंही त्यात होतं.

मी तुला दोष देत नाही. अजून तरी नाही. लिनेट एवढंच विचारते की तू त्याला कुठे पाहिलास, काय करत होता. तेवढं कळव.

आर्डिस मावशी

•

छावणी
२१ जुलै २००४

मावशी,

तुझं पत्र मी पाण्याच्या टाकीमागे बसून वाचलं आणि मग बराच वेळ टाकीवरचे गंजाचे डाग बघत बसलो. त्यातला एक अगदी आपल्या तलावासारखा आहे, बंधाऱ्याच्या बाजूला तसाच दाबलेला. आठवतं, तिथे मी आणि कर्टने बर्फावर गाडी नेली होती? असो. ते राहू दे.

जोआनबाईंचं मी हॅल्वर सरांना सांगितलं नाही. पण त्यांना घरून कळलं असावं. परवा ते कॅप्टनकडे गेले आणि पेपरवाल्याचा फोन जरा मिळेल का, असं विचारून आले. या माणसाने आयुष्यात कुणाकडे खडूसुद्धा मागितला नसेल. मिळाला नाही. परत येताना माझ्या नाड्यांकडेही पाहिलं नाही त्यांनी.

लिनेटला सांग, मी पाहिला होता मायलोला. दुपारी, जेवणं झाल्यावर. याच टाकीच्या सावलीत उकिडवा बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता. तुला माहीत आहे ना त्याची पद्धत, मूठभर गालात कोंबायच्या आणि टरफलं एकेक करून डब्यात थुंकायची, एकही बाहेर पडायचं नाही. मी म्हटलं, ‘घरी फोन लावतोय, काही सांगायचंय?’ तर म्हणाला, ‘लिनेटला सांग, गॅरेजच्या दाराला कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आल्यावर बघतो.’ नेमकं हेच फोनवर सांगायचं राहून गेलं. अगदी मजेत होता. त्याला काही त्रास झाला नाही, हेही सांग तिला.

आघाडीवरून परत आलो की मी स्वतः जाऊन भेटेन तिला. सध्या लेख लिहितोय. विल्मर म्हणतो, रक्त कमी आणि माणसं जास्त घाल. त्याला तिथे बसून काय जातंय!

गार्थ

•

सॉरम
६ ऑगस्ट २००४

गार्थ,

तुझं पत्र मी लिनेटला वाचायला दिलं. दोन दिवस ती नुसती ते उशाशी घेऊन झोपली. मला वाटलं, चला, पोराने एक तरी शहाणपण केलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती सैन्याचा कागद घेऊनच.

कागदात लिहिलंय: सकाळी, रस्त्यावर, स्फोटात, जागच्या जागी. तू लिहितोस: दुपारी, टाकीच्या सावलीत, मजेत. मला म्हणाली, ‘आर्डिस, यात खोटं कोण बोलतंय ते मी तुला सांगायला नको.’ सैन्य कागदावर काय वाटेल ते लिहितं, हे तिच्या घरात आजोबांपासून सगळ्यांना ठाऊक. आणि तू वर्दीतला नाहीस. तुला कुणाची भीती नाही, तू पेपरवाला, तू खरं तेच सांगणार. हे तिचे शब्द, माझे नाहीत.

तिने तुझं पत्र चर्चच्या तळघरात सगळ्यांसमोर वाचलं. विल्मरने ते पहिल्या पानावर छापलं, वर मथळा, ‘आमच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष पाहिलं’. मग फार्गोहून टीव्हीवाले आले. सिनेटरच्या कचेरीतून फोन आला. आता गाव म्हणतं, मायलो सकाळी जखमी झाला, उठून बसला, बोलला, आणि दुपारनंतर कुणी बघितलं नाही म्हणून गेला. कुणी बघायला हवं होतं? तर त्या औषधोपचारवाल्या पोराने, टॉलिव्हरने. तो आपल्या गावचा नाही ना, कॅन्ससहून कुठून तरी तुमच्या तुकडीत घातलेला. त्यामुळे सगळ्यांना सोपं पडलं. आपल्या गावचा असता तर त्याचीही आई भांडं घेऊन आली असती. पंपावर कुणीतरी त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहून लावलंय. नावापुढे काय लिहिलंय ते मी इथे लिहीत नाही.

गॅरेजच्या दाराला लिनेट कुणाला हात लावू देत नाही. गाडी पावसात बाहेर उभी असते.

आता माझं ऐक. तू नऊ वर्षांचा असल्यापासून माझ्या घरात आहेस. शाळेची काच फुटली तेव्हा तू म्हणालास, ‘मी तर तेव्हा कणीस खात होतो.’ ट्रक चरात घातलास तेव्हा रस्त्याच्या मध्यावर हरीण सफरचंद खात होतं. कॉलेज सोडून आलास तेव्हा प्राध्यापकाने म्हणे सँडविच खाताखाता तुझा अपमान केला. तुझ्या पत्राला उशीर झाला तर ते शेळीने खाल्लं. आयुष्यभर बघतेय मी, तू खोटं बोललास की त्यात कुणीतरी काहीतरी खातच असतं. आजवर मला त्याचं हसू यायचं.

त्या बिया खऱ्या होत्या का, गार्थ?

आर्डिस मावशी

•

छावणी
१९ ऑगस्ट २००४

मावशी,

नव्हत्या.

तीन वेळा पत्र सुरू केलं, आणि प्रत्येक वेळी हवेबद्दल लिहायला लागलो. आता सरळ सांगतो.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलोच नव्हतो. रोज जायचो, त्या दिवशी पोट बिघडलं म्हणून पडून राहिलो. हे खरं आहे. खाल्लं काहीच नव्हतं. दुपारी तुला फोन लावला तेव्हा कोण गेलं ते मला माहीत नव्हतं; रस्त्यावरून आलेल्यांना नाव बोलायची बंदी होती आणि कर्टनेही ती पाळली. कर्ट फोन माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेला, मागे रांग, कॅप्टन कधीही येईल, आणि तू विचारलंस, ‘आणि मायलो?’ त्या दिवशी मायलोची पाळी भांडी घासायची होती. फळ्यावर तसंच लिहिलेलं होतं. भांडी घासणारा माणूस काही मरत नाही. ‘असेल ठीक’ म्हणायला हवं होतं मी. पण लिनेट तुझ्याजवळ असणार हे मला कळलं, आणि ‘असेल’ म्हटलं असतं तर तुम्ही पुढे विचारलं असतंत. म्हणून म्हणालो, ‘आत्ताच पाहिला.’ दोनच शब्द, मावशी. लेखात हे दोन शब्द मी रोज लिहितो. त्यांच्यासाठीच तर विल्मर मला पगार देतो.

कुणाची तरी दाढ दुखत होती. मायलोने त्याला भांड्यांवर ठेवलं आणि त्याच्या जागी स्वतः गाडीत बसला.

सैन्याचा कागद खरा आहे. तोच नेमका या वेळी खरा आहे, माझं नशीब बघ. डॉकने, म्हणजे टॉलिव्हरने, त्याला गाडीतून एकट्याने ओढून काढलं. गाडी जळत होती, त्याच्या दोन्ही हातांना अजून फोड आहेत. कर्ट तिथे होता. तो म्हणतो, बघायचं काही उरलंच नव्हतं. तरी डॉक त्याच्या छातीवर दाबत राहिला. शेवटी हॅल्वर सरांनी त्याला बखोटीला धरून उठवलं तेव्हा त्याने आपलं पांघरूण काढून मायलोवर घातलं. कर्ट हे आता कुणाला सांगायला तयार नाही. म्हणतो, ‘गावात माझ्या आईला राहायचंय, आणि तू माझा भाऊ आहेस.’ पण माझ्याशी तो जेवायला बसत नाही.

मुख्यालयातून एक अधिकारी चौकशीला आलाय. मी वर्दीतला नाही, त्यामुळे माझ्यावर जबरदस्ती नाही. फार अदबीने विचारलं त्याने, ‘आपल्याला जे आठवतं तेवढंच.’ मी म्हटलं, आठवून सांगतो. सोमवारी परत येणार आहे. खरं सांगितलं तर फोनचं प्रकरण निघेल, मला पहिल्या ट्रकने परत पाठवतील, आणि विल्मरच्या पेपरला कुणी हात लावणार नाही. तरी सांगेन. सोमवारी नक्की सांगेन.

डॉकने मला एकदाच विचारलं. मी कपडे वाळत घालत होतो. मागून येऊन म्हणाला, ‘दुपारी खरंच पाहिलास का रे तू त्याला?’ रागाने नाही हं, अगदी हळू. मला तिथे ‘नाही’ म्हणता आलं नाही. मी म्हटलं, ‘गर्दीत पाहिल्यासारखं वाटलं.’ तो मान हलवत राहिला, माझ्या बादलीतला एक शर्ट पिळून दोरीवर टाकला आणि गेला. त्याला बरं वाटलं असावं. काल तो पंधरा दिवसांच्या रजेवर गेला. चांगलं झालं, घरी आईच्या हातचं खाईल, तिकडे कॅन्ससमध्ये त्याला कुणी ओळखणार नाही. आणि हो, हे खाणं मी रचलेलं नाही. ते होवो, एवढीच माझी इच्छा आहे.

लिनेटला तू सांग. मी पत्रात लिहिलं तर ती पुन्हा ते उशाशी घेऊन झोपेल. तुला जमतं असलं सांगायला. मला कधीच जमलं नाही.

गार्थ

•

सॉरम
१ सप्टेंबर २००४

गार्थ,

तुझं पत्र सकाळी आलं. शाळेच्या बसची फेरी करून आले आणि उभ्यानेच वाचलं. मग एप्रनच्या खिशात घातलं आणि लिनेटकडे जायला निघाले. दोनदा निघाले. एकदा फाटकापर्यंत गेले आणि टोमॅटोला पाणी घालायचं राहिलं म्हणून परत आले. म्हणजे बघ, तू हे कुणाकडून शिकलास ते मला आज कळलं.

तुला जमत नाही म्हणून मी सांगायचं. तिने नवरा एकदा गमावला, मग तुझ्या पत्रात तो तिला अर्ध्या दिवसासाठी परत मिळाला, आता तो अर्धा दिवस मी जाऊन काढून घ्यायचा. कुठल्या भांड्यात घालून नेऊ हे, सांग.

हे मी तुला लिहायला बसले होते आणि आता मागच्या दाराशी कुणीतरी आलंय. आपल्याकडचं नाही. आपल्याकडचे दार वाजवत नाहीत.

लिहिणं मध्येच टाकून उठले होते. टॉलिव्हर आलाय. तुझा डॉक. कॅन्ससला गेलाच नाही तो. रजेचे सगळे दिवस याच्या त्याच्या ट्रकमध्ये बसून इथवर आलाय. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, तोंड एवढंसं झालंय. लिनेटच्या दाराशी गेला होता. तिने दार उघडलं, पोराकडे पाहिलं आणि बंद केलं. पंपावर त्याने माझं घर विचारलं. त्या पुठ्ठ्याखाली उभं राहून विचारलं असणार.

मला वाटलं, आपली बाजू मांडायला आला असेल. मी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. ती त्याने घेतली नाही. त्याने मला एकच विचारलं, आणि माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघत बसलाय. म्हणून तर मी कागदात तोंड घालून हे लिहितेय, काहीतरी महत्त्वाचं काम असल्यासारखी. तो म्हणाला, ‘बाई, तुमच्या भाच्याने त्याला दुपारी बसलेला पाहिला. मग सकाळी मी पांघरूण घातलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता का?’

तुझं पत्र माझ्या खिशात आहे.

आर्डिस मावशी